परळचे दामोदर हॉल : दारावरचे नाव आणि आतली माणसे

‘दामोदरला प्रयोग आहे’ हे वाक्य परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दामोदर म्हणजे नाट्यगृह, आणि ते कुठे आहे हे विचारणारा बाहेरचा. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. रत्नागिरीकडच्या मंडळांची नमने मी तिथे पाहिली. मागच्या रांगेत बसून संकासुराला टाळ्या दिल्या आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून वगनाट्य अर्ध्यावर सोडून पळालो. ही वास्तू मुळात नाटकासाठी उभी राहिलेली नाही, हे मला पुस्तकांतून कळले, आणि तेही एका पुस्तकातून नाही.

आंबेडकरांच्या चरित्रांत दामोदर हॉल येते ते १९२४ सालच्या एका सभेचे ठिकाण म्हणून आणि मग कचेरीचा पत्ता म्हणून. कामगार चळवळीच्या इतिहासांत येते ते ना. म. जोशींच्या सेवाभावी कामांच्या यादीत, संपाचे प्रकरण सुरू होण्याआधीच्या एखाद्या परिच्छेदात. नाटकवाल्यांच्या आठवणींत त्याचा रंगमंच असतो, विंग असते, चहा असतो. तीन प्रकारच्या पुस्तकांत ही वास्तू तीन वेगळ्या इमारती असल्यासारखी वावरते. आंबेडकरांच्या चरित्रकाराला ती कामगारांची आहे याच्याशी कर्तव्य नाही, कामगार इतिहासकाराला तिथे बहिष्कृतांची कचेरी होती हे सांगावेसे वाटत नाही, आणि नाटकवाल्याला या दोन्हींची वार्ता नाही. माझी तक्रार इथून सुरू होते. एका इमारतीचे तीन तुकडे केले की तिच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी त्या तुकड्यांच्या फटीत पडते.

आधी नावाकडे पाहू. दामोदर म्हणजे दामोदर ठाकरसी मूळजी, मुंबईच्या कापड गिरण्यांतले एक मोठे घराणे. त्यांचे चिरंजीव सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला आईचे नाव मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटीतला ‘डी’ आणि परळचा दामोदर एकच. स्त्रियांच्या शिक्षणाच्या दारावर पत्नीचे नाव आणि मजुरांच्या शिक्षणाच्या दारावर पतीचे. मुंबईच्या दोन टोकांना हे दांपत्य असे उभे आहे, आणि रोज त्यांची नावे घेणाऱ्या हजारोंना त्यांच्या नात्याची कल्पना नसते.

देणगीदाराचे नाव दारावर लागणे यात नवल नाही. मुंबईची निम्मी जुनी सार्वजनिक इमारत अशीच उभी राहिली. फोर्टातल्या डेव्हिड ससून वाचनालयाचे उदाहरण घ्या. १८४७ मध्ये टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. १८७० मध्ये तिला देखणी दगडी इमारत मिळाली. ससून यांचा पुतळा आत उभा राहिला, आणि कारागीर हा शब्द हळूहळू पाटीवरून आणि मग आठवणीतूनही गेला. आज तिथल्या आरामखुर्चीत डुलकी घेणाऱ्या वकिलाला ही जागा यंत्रावर काम करणाऱ्या पोरांनी मागितली होती, हे सांगितले तर तो दचकेल. दात्याचे नाव टिकते आणि ज्याच्यासाठी दान झाले तो पुसला जातो, हा या शहराचा जुना रिवाज. परळलाही तो थोडाफार झालाच. पण पूर्ण झाला नाही, आणि का झाला नाही हे पाहण्यासारखे आहे.

सोशल सर्व्हिस लीगची स्थापना १९११ ची. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, आणि कामाचा सारा भार नारायण मल्हार जोशी यांच्यावर. जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. शिक्षकी सोडून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. लीगने रात्रशाळा काढल्या, पेट्यांतून फिरणारी वाचनालये चाळींत पाठवली, दवाखाने चालवले, सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी सहकारी पतपेढ्या उभ्या केल्या, बायकांसाठी शिवणकामाचे वर्ग सुरू केले. करीमभाई इब्राहिम आणि टाटा यांच्या गिरण्यांनी आपल्या कामगारांसाठी काढलेल्या इन्स्टिट्यूट चालवण्याचे कामही लीगकडे होते. म्हणजे पैसा मालकाचा, माणसे लीगची, आणि यायचे कामगाराने. परळची इमारत १९२२ मध्ये उभी राहिली ती याच धर्तीवर.

पण १९२२ च का? चरित्रकार इथे जोशींच्या तळमळीकडे बोट दाखवतात. तळमळ होतीच, पण ती १९११ पासून होती. माझ्या मते उत्तर घड्याळात आहे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर बांधला होता. त्यात जाण्यायेण्याचा आणि मधल्या सुट्टीचा वेळ मिळवला की माणूस घरी येऊन जेवून आडवा होण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. त्याला रात्रशाळेत बोलावणे ही थट्टाच. जानेवारी १९१९ आणि जानेवारी १९२० असे लागोपाठ दोन प्रचंड संप मुंबईत झाले. दुसऱ्या संपानंतर गिरणीमालकांनी दहा तासांचा दिवस मान्य केला. १९२२ च्या दुरुस्त कायद्याने देशभर दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. कामगाराच्या पदरात इतिहासात पहिल्यांदा एक संध्याकाळ पडली. ती कुणी दिलेली नव्हती, त्याने संप करून मिळवलेली होती.

आता ही संध्याकाळ घालवायची कुठे? १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतले शंभरातले चौऱ्याऐंशी लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा. शहरातले बहुसंख्य लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. गाववाल्यांच्या खोल्यांत तर पाळीपाळीने झोपायचे : दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर. अशा खोलीत मोकळा वेळ म्हणजे अडचण. तो जिन्यात, गल्लीत, चहाच्या दुकानात, आखाड्यात नाही तर दारूच्या गुत्त्यात जाणार. गिरणीमालकाला, सरकारला आणि सुधारकाला तिघांनाही या संध्याकाळची काळजी वाटली. प्रत्येकाची काळजी निराळी होती, पण उत्तर एकच निघाले : एक मोठे सभागृह, वाचनखोली, वर्ग, खेळ, व्याख्याने. देणगीच्या रकमेमागे दातृत्व नव्हते असे मी म्हणत नाही. मात्र संपांशिवाय त्या दातृत्वाला कामगाराचा रिकामा वेळ सापडलाच नसता, एवढे मात्र ठामपणे म्हणतो.

इथे डाव्या मित्रांचा एक जुना आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. कल्याणकेंद्रे ही संघटनेवरचा उतारा होती; मालकाने एका हाताने मजुरी कापायची आणि दुसऱ्या हाताने कॅरमबोर्ड द्यायचा, असा तो आक्षेप. त्यात तथ्य आहे. १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के मजुरीकपात जाहीर केली तेव्हा कुठल्याही इन्स्टिट्यूटची वाचनखोली कामगाराच्या उपयोगी पडली नाही. महिनोन्महिने संप करावा लागला. ‘कल्याण’ या शब्दात करणारा वर आणि करवून घेणारा खाली असतो, हेही खरे. पण आक्षेप घेणारे एक विसरतात. याच लीगवाल्या जोशींनी १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला, १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मागितले आणि १९२६ चा कायदा त्यातून आला. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात जोशींची युनियन आणि लाल बावट्याचे नेते एकाच संयुक्त समितीत होते. कल्याणाचे काम करणारा माणूस हक्काच्या कामाचा शत्रू असतोच असे नाही. आणि कल्याणासाठी बांधलेल्या घरात काय घडेल हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ९ मार्च १९२४.

त्या दिवशी दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी सभा बोलावली. वर्षभरापूर्वीच ते लंडनहून शिक्षण संपवून परतले होते आणि परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. अस्पृश्यांच्या अडचणी सरकारपुढे मांडणारी एक मध्यवर्ती संस्था असावी, हा सभेचा विषय. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरी दामोदर हॉलमध्ये राहिली आणि आंबेडकरांचे सार्वजनिक काम पुढची काही वर्षे इथूनच चालले.

चरित्रांत हा प्रसंग सुरुवात म्हणून येतो आणि लेखणी लगेच महाडकडे धावते. जरा थांबून या सभेचे काम पाहिले तर काय दिसते? सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय, तरुणांनी जुगार-दारूकडे वळू नये म्हणून हॉकी क्लब. म्हणजे खालच्या मजल्यावर लीग जे करत होती जवळजवळ तेच. सभेच्या नावातही ‘हित’ आहेच. त्याआधी सीताराम केशव बोले यांची कामगार हितवर्धक सभा होती. हेच बोले, ज्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला, ज्याच्या आधारावर महाडचे तळे सर्वांना खुले असल्याचा दावा उभा राहिला. कामगारांचे हित आणि बहिष्कृतांचे हित हे शब्द परळच्या त्या वर्षांत एकमेकांच्या शेजारी राहत होते.

सभेच्या रचनेकडे मात्र मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निस्सीम, रुस्तमजी जिनवाला, गो. का. नरिमन, रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष मात्र स्वतः आंबेडकर, आणि कारभार पाहणारे शिवतरकर, जाधव ही त्यांच्या माणसांतली माणसे. वरिष्ठ वर्गाची सहानुभूती आणि पैसा हवा म्हणून नावे वर, काम आपल्या हाती. ज्या इमारतीच्या दारावर गिरणीमालकाचे नाव आणि आत कामगारांची वर्दळ, त्या इमारतीत बसून आंबेडकरांनी आपल्या पहिल्या संस्थेचीही घडण तशीच केली. हे अनुकरण होते असा माझा दावा नाही. त्या काळातल्या पुष्कळ संस्थांची घडण अशी होती. फरक पुढे पडला. लीगने दारावरचे नाव आणि आतली माणसे हे नाते शेवटपर्यंत निभावले. आंबेडकरांनी ते तीन-चार वर्षांत ओलांडले. १९२७ च्या मार्चमध्ये महाड, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’, डिसेंबरात मनुस्मृतिदहन. १९२८ मध्ये हितकारिणी सभेचे काम थांबले आणि शिक्षणाचे काम नव्या संस्थेकडे गेले. हिताची भाषा हक्काच्या भाषेत कशी बदलली याचा शोध घेणाऱ्याने महाडच्या तळ्यापाशी जाण्याआधी परळचा हा जिना चढायला हवा.

आणि इथेच ती फटीत पडलेली गोष्ट आहे. ज्या वर्षांत या ‘कामगारांच्या’ इमारतीत अस्पृश्यांची कचेरी चालली, त्याच वर्षांत आसपासच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचा खात्याचा दरवाजा बंद होता. विणकराला धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागणार, म्हणून सवर्ण आणि मुसलमान विणकरांनी अस्पृश्यांना साच्यावर येऊ दिले नाही. साचा खात्यात मजुरी जास्त. त्रासन खात्यात कमी, आणि अस्पृश्य कामगार तिथेच. मालकाला यात फार काही करावे लागले नाही; कामगारांनीच कामगारांची वाट अडवली होती. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी ही अट लावून धरली की मागण्यांत अस्पृश्यांना सर्व खात्यांत कामाचा हक्क असावा, नाही तर त्यांना संपात ओढू नका. संपाच्या पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली ती नाखुशीने.

मग १९२२ च्या त्या पाटीवरचा ‘कामगार’ कोण? रात्रशाळेत शेजारी बसणारे, सभेला एकाच सतरंजीवर बसणारे सकाळी भोंगा झाल्यावर एका धोट्याला तोंड लावत नव्हते. जोशींचे चरित्र हा प्रश्न विचारत नाही. लाल बावट्याच्या इतिहासांत तो ‘जातीय दुही’ या दोन शब्दांत उरकला जातो. आर. बी. मोरे यांच्यासारखा महाड परिषद घडवून आणणारा आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात जाणारा माणूस दोन्हीकडे पाय रोवून उभा राहिला, आणि दोन्हीकडच्या इतिहासांत त्याला बराच काळ पुरेशी जागा मिळाली नाही. दामोदर हॉलचा इतिहास नीट लिहिला गेला असता तर मोरे यांच्यासाठी वेगळे कोनाडे शोधावे लागले नसते.

नाट्यगृहाचा भाग त्यामानाने सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सुधारकांच्या मनात रंगमंच होता तो बोधप्रद मनोरंजनासाठी. कामगाराने तो आपल्या पद्धतीने ताब्यात घेतला. सहकारी मनोरंजन मंडळासारखी कामगार कलावंतांची संस्था या वास्तूच्या आधाराने जगली. दिवसा साच्यावर असलेला माणूस रात्री राजा झाला, आणि गावच्या मंडळांनी नमन, शक्ती-तुरा, दशावतार तिकीट लावून मुंबईच्या रंगमंचावर आणले. समीक्षकांनी याला बराच काळ हौशी म्हणून बाजूला ठेवले. शिवाजी मंदिराला जे लागले ते नाटक आणि दामोदरला लागले तो ‘कार्यक्रम’, ही प्रतवारी आपल्याकडच्या पांढरपेशा नाट्यसमीक्षेने केली, आणि मला ती कायम खटकत आली आहे. गावाकडच्या देवळापुढे मशालीच्या उजेडात होणारे नमन बंदिस्त सभागृहात आले तेव्हा त्याची लांबी, वग, विनोद सारे बदलले. या बदलाची प्रयोगशाळा परळमध्ये होती आणि तिचा अभ्यास करायला कुणी फिरकले नाही. १९५३ च्या कायद्यानंतर सरकारी कामगार कल्याण केंद्रे आणि त्यांच्या नाट्यस्पर्धा आल्या, त्यांचीही गत फार वेगळी नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे म्हणताच येत नाही. गिरण्या मोडल्या, १९९१ आणि २००१ च्या नियमांनी जमिनी मोकळ्या झाल्या, आणि भोंग्याच्या जागी बुरूज उभे राहिले. दामोदर मात्र चालू राहिले, कारण ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांची मुले विरार, कल्याण, दिव्याला गेली तरी प्रयोगाला परळलाच येत होती. मीही त्यांतलाच. शेवटची गाडी मी उगीच सांगितली नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी नाट्यगृहाचा पडदा पडला. रंगकर्मींनी आंदोलन केले, ते योग्यच केले. पण त्या काळातली बातमी, पत्रके, भाषणे मी जमेल तेवढी वाचली तेव्हा जाणवले की सारा वाद रंगमंच आणि आसने यांभोवती फिरतो आहे. एक बाजू म्हणते, नाट्यगृह वाचवा. दुसरी म्हणते, शाळा हवी. मूळ कल्पनेत ही दोन्ही एकाच छपराखाली होती : शिकण्याची जागा, जमण्याची जागा, वाचण्याची जागा आणि नाचण्या-गाण्याचीही. शाळा विरुद्ध नाट्यगृह हा झगडा १९२२ सालच्या माणसाला कळलाच नसता. कामगाराची संध्याकाळ त्याने अशी कापून वेगवेगळ्या खात्यांत टाकली नव्हती.

नाट्यगृह वाचवा म्हणणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे, वास्तूला नाट्यगृह एवढेच म्हटल्याने आपलीच बाजू लंगडी केली. नाट्यगृहाला पर्यायी नाट्यगृह देता येते. चार आसने कमी, चार जास्त, तडजोड होते. पण बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कचेरीला पर्यायी कचेरी देता येत नाही. ज्या जागेत एका देशाच्या घटनाकाराने आपल्या पहिल्या संस्थेची कागदपत्रे ठेवली ती डॉ. आंबेडकर मार्गावरच आहे, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्या दहा जणांना विचारले तर नऊ जण तिथे कुठले नाटक पाहिले तेच सांगतील. त्यांचा दोष नाही. आपण लिहिणाऱ्यांनी त्यांना दुसरे काही सांगितलेच नाही.

नवी इमारत होईल तेव्हा दामोदर ठाकरसींचे नाव तिच्यावर राहावे. त्यांच्या घराण्याने पैसा दिला, तो विसरण्याचे कारण नाही. त्याखाली १९२० च्या संपाची, ९ मार्च १९२४ ची आणि साचा खात्याच्या बंद दाराची नोंद असावी, एकाच पाटीवर, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आणि तळमजल्यावर एक वाचनखोली असावी, जिथे पाळी संपवून आलेला सुरक्षारक्षक किंवा घरपोच सामान पोचवणारा मुलगा तासभर बसू शकेल. परळमध्ये आज तेच कामगार आहेत, आणि त्यांचा दिवस पुन्हा बारा तासांचा झाला आहे.